रँक पडली की क्लिक पडले? दोन्ही एक नव्हे

गेल्या आठवड्यात मित्राचा फोन आला, "भावा साईट मेली, रँक गेली." म्हणजे गुगलवर शोधल्यावर साईट ज्या नंबरला दिसायची तो नंबर गेला. त्याची कोल्हापुरी चपलांवर साईट आहे, कापशी कुठली, पुकरी कुठली, अस्सल कशी ओळखायची, पावसात काय करायचं, सगळं कारागिरांजवळ बसून विचारून लिहिलेलं. आता माणसं निम्म्यावर आलीत म्हणे. एका एसईओवाल्यानं, म्हणजे साईट गुगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्यानं, लगेच निदान करून टाकलेलं, रँक पडलीय, सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरनं तुमच्याकडं येणाऱ्या लिंका) टाकतो. मी म्हटलं एक रुपया देऊ नको, आधी लॅपटॉप घेऊन मिसळीला ये.

हा घोळ लई जणांचा होतोय म्हणून लिहितोय. साईटवर माणसं कमी झाली की सगळे "रँक पडली" म्हणतात, पण रँक पडणं वेगळं आणि रँक तिथंच राहून क्लिक पडणं वेगळं. आपली कोल्हापूरची चप्पल लाइन, चपलांच्या दुकानांची गल्ली, डोळ्यासमोर आणा. तुमचं दुकान तोंडाला होतं ते उचलून मागच्या बोळात टाकलं, ही रँक पडली. आणि दुकान आहे तिथंच आहे, पण लाइनीच्या तोंडाला एक माणूस उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्याच दुकानातली माहिती फुकट सांगतोय आणि गिऱ्हाईक तिथनंच माघारी फिरतंय, हे क्लिक पडणं. गल्ल्यावर बसलेल्याला दोन्ही सारखंच दिसतं, गल्ला रिकामा.

ओळखायचं कसं, तर सर्च कन्सोल उघडा, म्हणजे साईटच्या मालकाला आकडे दाखवणारं गुगलचं साधन. तिथं चार आकडे असतात: क्लिक, इंप्रेशन म्हणजे तुमची लिंक किती वेळा दिसली, सीटीआर म्हणजे दिसल्यापैकी किती जणांनी दाबली, आणि सरासरी पोझिशन. समजा पोझिशन ३ वरनं १४ वर गेली आणि इंप्रेशनही खाली आले, तर रँक गेली. पोझिशन ३ ची ३ च आहे, इंप्रेशन तेवढेच किंवा उलट वाढलेत, आणि फक्त क्लिक खाली, तर रँक जागेवर आहे आणि वरचा माणूस गिऱ्हाईक फिरवतोय. हे सगळ्या साईटचं एकत्र बघू नका, एकेक प्रश्न निवडून बघा, नाहीतर सरासरीत सगळं बुडून जातं.

वरचा माणूस म्हणजे निकालांच्या वर येणारं एआयचं उत्तर, गुगल त्याला एआय ओव्हरव्ह्यू म्हणतं. गुगलनं एआय ओव्हरव्ह्यू मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याकडं, इंग्रजी आणि हिंदीत. त्याच्याआधी पण वर एक चौकट यायचीच की, फीचर्ड स्निपेट, पण ती एकाच पानातला उतारा जसाच्या तसा उचलून खाली त्याची लिंक द्यायची. एआय तसं करत नाही, चार-पाच पानांतलं घेऊन स्वतःची वाक्यं करतंय आणि लिंका बाजूला किंवा खाली राहतात. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेनं मार्च २०२५ मधला अमेरिकेतल्या लोकांचा डेटा तपासला होता, त्यात एआय सारांश आलेल्या सर्चमध्ये नेहमीच्या निकालावर क्लिक झाला ८ टक्के वेळा आणि सारांश नसताना १५ टक्के वेळा. सारांशाच्या आतल्या लिंकवर तर १ टक्काच. म्हणजे "पण आमची लिंक दिलीय की त्यात" यात फार अर्थ नाही.

आता गंमत अशी की आकडे पण फसवतात. एआय ओव्हरव्ह्यूमधल्या सगळ्या लिंकांना कन्सोलमध्ये एकच पोझिशन धरतात, आणि ती चौकट असते बऱ्याचदा सगळ्यात वर. म्हणजे पोझिशन सुधारलेली दिसेल आणि माणूस एक नाही! वर ते आकडे वेगळे काढून दाखवतही नाहीत, साध्या सर्चमध्येच मिसळलेले. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलनं एका पानावर १०० निकाल दाखवायची सोय काढली, तेव्हा रँक तपासणारे बॉट, म्हणजे माणसाऐवजी सर्च करणारे प्रोग्राम, गळले आणि लई साईटचे इंप्रेशन एकदम आपटले. खरी माणसं तेवढीच होती. आणि कधीकधी शोधणारेच कमी होतात. जून २०२५ मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, असल्या वेळी आकडे फुगतात आणि चर्चा संपली की उतरतात, त्याला ना रँक जबाबदार ना एआय.

रँक खरंच गेली असेल तर गुगलच्या कोअर अपडेटच्या, म्हणजे निकाल लावायच्या पद्धतीतल्या मोठ्या बदलांच्या, तारखा जुळवून बघा, मार्च २०२४ चं तर ४५ दिवस चाललेलं. पान इंडेक्समधनं, म्हणजे गुगलच्या पानांच्या नोंदीतनं, उडालंय का ते पण बघा. आणि रँक गेली म्हणजे तुमचंच लिखाण टुकार असंही नाही, जर्मनीतल्या संशोधकांनी वर्षभर वस्तूंच्या रिव्ह्यूचे ७,३९२ सर्च तपासले तर वरच्या पानांवर एसईओचा मसाला आणि कमिशनच्या लिंका जास्त, मजकूर हलका, असंच निघालं.

क्लिक गेले असतील तर बॅकलिंकचं पॅकेज म्हणजे पंक्चर टायरला पेट्रोल. इथं अजून एक फसगत आहे, रोबोट्स फाईलमध्ये (कुठल्या बॉटनं साईट वाचायची ते सांगणारी फाईल) गुगल-एक्सटेंडेड हे नाव ब्लॉक केलं की एआय उत्तरातनं सुटलो असं लोक समजतात. नाही सुटत. ते जेमिनी या गुगलच्या वेगळ्या एआयसाठी आहे, सर्चमधलं एआय साध्या गुगलबॉटवरच, म्हणजे सर्चसाठी पानं वाचणाऱ्या बॉटवरच, चालतंय. खरं रोखायचं तर नोस्निपेट टॅग, म्हणजे पानातला मजकूर निकालात दाखवू नका असं गुगलला सांगणारी खूण, पण मग तुमच्या साध्या निकालाखालचा मजकूर पण जातो. फक्त ठरावीक परिच्छेद झाकायला डेटा-नोस्निपेट आहे.

मित्राचं उघडून बघितलं तर "अस्सल कशी ओळखायची" हे पान आहे त्याच नंबरवर, इंप्रेशन वाढलेले, क्लिक तळाला. चप्पल शिवून कुठं मिळेल, मापानं कोण करून देतंय, असल्या पानांचे क्लिक मात्र जसेच्या तसे. मिसळ संपेपर्यंत त्यानं तीन परिच्छेदांवर डेटा-नोस्निपेट लावून टाकलं. तेवढ्यात एसईओवाल्याचा फोन, यानं विचारलं, रँक कुठल्या शब्दावर पडलीय तेवढं सांगा. तर म्हणतोय, "सर, ओव्हरऑल पडलीय."