त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यान

स्लोव्हेनियातील एकमेव राष्ट्रीय उद्यान. देशाच्या वायव्य भागात, इटलीच्या सीमेलगत, ज्युलियन आल्प्स पर्वतरांगेत ते पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८४० चौ. किमी. आहे. देशाच्या राष्ट्रध्वजावर विराजमान झालेले त्रिग्लाव (२,८६४ मी.) हे स्लोव्हेनियाचे सर्वोच्च शिखर याच उद्यानात आहे. येथील सात तलावांच्या खोऱ्याला १९२४ मध्ये प्रथम संरक्षण मिळाले, १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला आणि १९८१ मध्ये उद्यानाचा मोठा विस्तार झाला. त्या विस्तारामुळे निर्जन शिखरांबरोबरच माणसांनी शतकानुशतके नांगरलेली, गुरे चारलेली खोरीही संरक्षणाखाली आली. म्हणूनच येथील निसर्ग आणि गावे वेगवेगळी पाहता येत नाहीत.

उद्यानाचा बहुतेक भाग चुनखडीचा आहे आणि येथील जवळजवळ प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाचे मूळ या खडकात सापडते. पावसाचे आणि बर्फाचे पाणी उंच पठारांवर टिकत नाही. ते भेगांतून खाली मुरते आणि कित्येक शे मीटर खाली एखाद्या कड्यातून एकदम बाहेर पडते. बोहिन तलावाच्या पश्चिमेस असलेला ७८ मी. उंचीचा साव्हित्सा धबधबा असाच कड्याच्या पोटातून उसळतो. त्याचे पाणी वरच्या पठारावरील ‘काळ्या तळ्या’कडून भूमिगत वाटेने येते. सोचा नदीचा उगमही गुहेतील एका गडद डोहात आहे. तेथपर्यंतची वाट छोटी असली, तरी शेवटचा टप्पा खडकात ठोकलेल्या लोखंडी दोराला धरून चढावा लागतो.

सोचा हे या उद्यानाचे सर्वांत सुंदर दृश्य मानावे लागेल. तिचे निळसर हिरवे, तळ दिसेल इतके स्वच्छ पाणी त्रेंता खोऱ्यातून वाहते आणि सोचा गावाजवळ ‘वेलिका कोरिता’ या सुमारे ७५० मी. लांबीच्या अरुंद घळीत शिरते. तेथे नदीने दोन्ही बाजूंचा खडक इतका गुळगुळीत घासला आहे, की कुठे कुठे दोन्ही काठ एकमेकांना भिडतील असे वाटते. अंगावर संगमरवरासारखी नक्षी असलेला ट्राउट मासा ही या नदीखोऱ्याची खास ओळख आहे. पुढे इटलीत ही नदी इझोंत्सो म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१७ या काळात तिच्या काठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. त्या आघाडीसाठी ऑस्ट्रिया-हंगेरीने व्हर्शिच खिंडीतून (१,६११ मी.) जाणारा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. १९१६ मध्ये हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ कैद्यांनी रस्त्याच्या कडेला एक लहान लाकडी प्रार्थनामंदिर उभारले. ते आजही उभे आहे आणि या रस्त्याने जाणाऱ्याने तेथे थांबायलाच हवे. खिंडीच्या दक्षिणेस त्रेंता येथे इटलीतील त्रिएस्त शहराचे व्यापारी आल्बेर ब्वा द शेन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली आल्प्समधील वनस्पतींची बाग आहे.

बोहिन तलाव (सुमारे ३१८ हेक्टर) हा देशातील सर्वांत मोठा कायमस्वरूपी नैसर्गिक तलाव होय. त्याच्या पूर्वेकडील स्तारा फुझिना आणि स्तुदोर ही गावे पाहिल्याशिवाय हा प्रदेश समजत नाही. स्तुदोरच्या वेशीवर गवत वाळवण्याच्या लाकडी मांडवांची रांग आहे. दोन समांतर चौकटींवर एकच छप्पर, चौकटींच्या आडव्या दांड्यांवर पसरलेले ओले गवत आणि छपराखालच्या माळ्यावर वाळलेल्या चाऱ्याचा साठा अशी त्यांची रचना असते. पाऊस फार आणि उन्हाचे दिवस थोडे, त्यामुळे गवत जमिनीवर कुजण्याऐवजी वाऱ्यावर वाळवण्याची ही युक्ती येथे रुजली. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणांवर नेली जातात, तेथेच चीज बनते आणि सप्टेंबरमध्ये कळप खाली परतल्यावर बोहिनमध्ये उत्सव होतो. स्तारा फुझिना येथील जुन्या चीज-कारखान्याच्या इमारतीत या गुराखी जीवनाचे संग्रहालय आहे. ‘मोहांत’ हे मऊ, उग्र वासाचे चीज याच परिसरातले.

उत्तरेकडील व्हराता खोऱ्यात पेरिच्निक धबधबा आहे. त्याच्या ५२ मी. उंचीच्या खालच्या टप्प्यात कडा आत गेलेला असल्याने पाण्याच्या पडद्यामागून चालत जाता येते. खोऱ्याच्या टोकाशी त्रिग्लावची प्रचंड उत्तर भिंत उभी आहे. शिखरावर पहिली नोंदलेली चढाई १७७८ मध्ये झाली. तेथील पत्र्याचा लहान मनोरा याकोब आल्याझ या धर्मगुरूंनी १८९५ मध्ये उभारला. शिखराखालची हिमनदी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास १४ हेक्टरांच्या आसपास होती, ती आता एक हेक्टरही उरलेली नाही, आणि ही हानी भरून निघणारी नाही.

उद्यानाचा सर्वांत सखल भाग दक्षिणेस तोल्मिन घळीत, समुद्रसपाटीपासून अवघ्या १८० मी. उंचीवर आहे. उद्यानाचे मुख्यालय हद्दीबाहेरील ब्लेड येथे असून त्रेंता आणि स्तारा फुझिना येथे माहिती केंद्रे आहेत. उघड्यावर कोठेही तंबू ठोकण्यास बंदी आहे. हिवाळ्यात बर्फामुळे व्हर्शिच खिंड बंद होते, तेव्हा त्रेंता खोऱ्यात सोचाकाठच्या बोव्हेत्स गावाच्या बाजूनेच जावे लागते.