काचेचा धागा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे

रबाळे-महापे एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, पत्रे, होड्यांचे भाग बनवणारे गाळे आहेत तिथे एक समज पक्का आहे: त्यासाठी लागणारी काचेची मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचीच बहीण, आज ना उद्या कॅन्सर.

तसं नाही. मॅटमधला सलग धागा वितळलेली काच प्लॅटिनम-रोडियमच्या बारीक छिद्रांतून ओढून काढतात. त्याची जाडी साधारण 9 ते 25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसात खोलवर जायला तंतू 3 मायक्रॉनपेक्षा बारीक लागतो. शिवाय हा धागा आडवा तुटतो, म्हणजे आखूड होतो, बारीक होत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस उभं चिरतं आणि दर वेळी आणखी बारीक होतं. खरी गोम तिथेच आहे. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 च्या अहवालात सलग धागा गट 3 मध्ये ठेवला: कॅन्सरकारक म्हणता येईल इतका पुरावा नाही. खास वापराच्या अतिबारीक काचतंतूंना मात्र ही सूट मिळाली नाही.

खाज सुटते ती टोकं टोचल्यामुळे. चोळू नका, पाण्याने धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. ग्राइंडर लावला की मास्क हवाच, त्या धुळीत रेझिनही (मॅटवर ओतून कडक होऊ देतात ते चिकट रसायन) असतं. (गूळ खाऊन धूळ निघत नाही.)

गंमत म्हणजे मॅटला घाबरणारेच रेझिनचा डबा दार लावून उघडतात. त्या उग्र वासातलं स्टायरीन हे रसायन आयएआरसीने 2018 मध्ये गट 2अ मध्ये, म्हणजे ‘बहुधा कॅन्सरकारक’ यादीत टाकलं. साधा कापडी मास्क ती वाफ अडवत नाही. कार्बन फिल्टरवाला लागतो, आणि एक्झॉस्ट फॅन चालू.