मोंतेपुल्चानो : डोंगरावरचे गाव आणि एका नावाचा गुंता

‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ या वाइनच्या बाटलीवर २०२१ पासून ‘तोस्काना’, म्हणजे इटलीतल्या टस्कनी प्रदेशाचे इटालियन नाव, छापणे बंधनकारक झाले. ही वाइन टस्कनीतच होते आणि गेली कित्येक शतके तिथेच होत आली आहे. तरीही ती कुठली आहे हे बाटलीवर वेगळे सांगण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी गावाच्या इतिहासापेक्षा त्याच्या नावाचा इतिहास अधिक तपासावा लागतो.

टस्कनीच्या सिएना प्रांतातले मोंतेपुल्चानो हे गाव सुमारे ६०० मीटर उंचीच्या एका अरुंद, लांबट कण्यावर वसले आहे. एका अंगाला ओर्चा नदीचे खोरे आणि दुसऱ्या अंगाला कियाना नदीचे खोरे दिसते. गावाची सुरुवात रोमनांपूर्वीच्या एत्रुस्कन काळापर्यंत मागे नेतात. जवळच्या क्यूसीच्या राजाने ते वसवले अशी आख्यायिका आहे. द्राक्षमळ्याचा लेखी उल्लेख मात्र इ. स. ७८९ चा आहे. एका धर्मगुरूने या टेकडीवरचा मळा चर्चला दान दिल्याचा तो दस्तऐवज आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या वाइनच्या व्यापाराचे नियमही लिहिलेले आढळतात.

सिएना आणि फ्लोरेन्स यांच्या वैरात हे गाव सीमेवर सापडले आणि त्याचे आजचे रूप त्या वैरातूनच घडले. १३९० नंतर गाव फ्लोरेन्सच्या छत्राखाली होते, १४९५ मध्ये त्याने उठाव करून सिएनाचा पक्ष धरला आणि १५११ मध्ये ते कायमचे फ्लोरेन्सकडे आले. खालच्या वेशीतून आत शिरल्यावर एक दगडी स्तंभ लागतो आणि त्यावर फ्लोरेन्सचा सिंह बसलेला दिसतो. १५११ पूर्वी त्या जागी सिएनाची लांडगी होती. स्तंभावरची आजची मूर्ती प्रतिकृती आहे, मूळ सिंह संग्रहालयात ठेवला आहे. तिथून चढण सुरू होते आणि ती माथ्यावरच्या पियात्सा ग्रांदे या चौकात संपते. चौकातल्या नगरभवनाचा दर्शनी भाग फ्लोरेन्सच्या राजवाड्याच्या धर्तीवर पंधराव्या शतकात बांधला गेला. सत्ता कोणाची आहे हे दगडात सांगण्याची ती रीत होती. त्याच चौकातल्या कॅथेड्रलचे काम १५९२ ते १६८० असे चालले, पण दर्शनी भिंतीवर संगमरवर कधीच चढला नाही. ती भिंत आजही उघडी आणि खडबडीत आहे. आतले १४०१ चे तीन फळ्यांचे वेदीचित्र पाहिल्यावर बाहेरच्या या उणेपणाचा विसर पडतो.

तटाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी असलेले सान ब्याजोचे चर्च मात्र माझ्या मते गावातल्या कोणत्याही इमारतीपेक्षा श्रेष्ठ आहे. १५१८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. चारही भुजा समान असलेल्या क्रूसाच्या आकारावर, मधाच्या रंगाच्या त्रावेर्तीन दगडात ते उभे आहे. दोन मनोरे योजले होते, पण त्यांपैकी एकच पूर्ण झाला.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर सिएनाचे प्रजासत्ताक कोसळले आणि सीमेवरच्या या ठाण्याचे लष्करी महत्त्व संपले. १५६१ मध्ये बिशपचे पीठ मिळाल्याने गावाला नगराचा दर्जा आला, तरी पूर्वीची धामधूम राहिली नाही. पुढे कियानाच्या खोऱ्यातली दलदल आटवून जमीन लागवडीखाली आली, तेव्हा मोठे रस्ते आणि रेल्वे खालच्या सपाटीने गेली. जुनी घरे, वाडे आणि गल्ल्या टिकून राहिल्या, त्याला जतनाच्या कळकळीइतकीच ही उपेक्षाही कारणीभूत आहे.

वाइनची कीर्ती याच काळात पसरली. सोळाव्या शतकात एका पोपच्या मद्यकोठाराच्या प्रमुखाने तिची तारीफ लिहून ठेवली. १६८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ काव्यात, कवी असलेल्या एका दरबारी वैद्याने तिला सर्व वाइनचा राजा ठरवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ती मागवल्याच्या नोंदी आहेत. या सर्वांच्या लेखी तिचे नाव केवळ ‘मोंतेपुल्चानो’ होते. ‘नोबिले’, म्हणजे ‘उमराव’ किंवा ‘खानदानी’, हे विशेषण अठराव्या शतकाच्या अखेरीस तुरळक आढळते, पण बाटलीवरचे नाव म्हणून ते रुजले ते विसाव्या शतकात. त्याआधी चांगल्या मालाला ‘निवडक तांबडी वाइन’ एवढेच म्हणत. १९२० च्या दशकात एका स्थानिक उत्पादकाने आपल्या बाटल्यांवर ‘नोबिले’ लिहायला सुरुवात केली आणि इतरांनी ते उचलले. १९३७ मध्ये शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि छोट्या मळेवाल्यांचा माल एकत्र येऊ लागला. आज जाहिरातींत हे विशेषण मध्ययुगीन सरदारांपर्यंत नेऊन भिडवतात, त्याला फारसा आधार नाही. ते शंभर वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचे अपत्य आहे. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण मोडकळीला आलेल्या धंद्याला त्याने पुन्हा उभे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर निम्म्या वाट्याने शेती कसण्याची जुनी पद्धत मोडली आणि कसणारे शहरांकडे गेले. १९६६ मध्ये या वाइनला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. १९८० मध्ये त्याहून वरचा, शासनाच्या हमीचा दर्जा मिळाला आणि देशात तो प्रथम मिळवणाऱ्या मोजक्या वाइनमध्ये तिची गणना झाली. बुचावरून चिकटवलेली क्रमांकाची हमीपट्टी घेऊन तिच्या बाटल्या १९८३ मध्ये बाजारात आल्या. हा निर्णय घाईचा होता असे त्या वेळी अनेकांनी म्हटले आणि ते चूक नव्हते. त्या काळातला बराच माल पातळ आणि बेताचा होता, तांबड्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षे मिसळण्याची जुनी रीत चालूच होती. मान आधी मिळाला आणि गुणवत्ता मागाहून आली. मात्र ती आली, हेही नोंदवले पाहिजे. पुढच्या दोन दशकांत मळे नव्याने लावले गेले आणि पांढऱ्या द्राक्षांची सक्ती गेली.

आता खरा गुंता. ‘मोंतेपुल्चानो’ हे गावाचे नाव आहे आणि एका द्राक्षजातीचेही. ही जात गावाच्या वाइनचा आधार नाही. विनो नोबिलेमध्ये किमान ७० टक्के सांजोवेझे जातीची द्राक्षे असावी लागतात. तिच्या स्थानिक वाणाला गावकरी ‘प्रुन्योलो जेंतिले’ म्हणतात. उलट, अपेनाइन पर्वताच्या पलीकडे, आड्रियाटिक समुद्राच्या बाजूला अब्रुत्सोमध्ये ‘मोंतेपुल्चानो’ नावाची उशिरा पिकणारी, गडद रंगाची जात होते. तिच्यापासून बनणारी ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुत्सो’ ही वाइन १९६८ मध्ये, म्हणजे टस्कनीच्या वाइननंतर केवळ दोन वर्षांनी, अधिकृत झाली. जनुकीय तपासणीत दोन्ही जाती वेगळ्या ठरल्या आहेत. अब्रुत्सोत हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. टस्कनीच्या नामवंत वाइनशी साधर्म्य वाटल्याने कोणीतरी ते चिकटवले असावे, हा तर्क पटण्याजोगा आहे.

नियमाच्या भाषेत यात विसंगती नाही. ‘दि मोंतेपुल्चानो’ म्हणजे त्या गावची, आणि ‘मोंतेपुल्चानो द’अब्रुत्सो’ म्हणजे अब्रुत्सोत पिकलेल्या त्या द्राक्षाची. एका अव्ययाने सगळे स्पष्ट होते, पण ते इटालियन वाचणाऱ्यालाच. परदेशी दुकानात फळीसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला मोठ्या अक्षरांतला एकच शब्द दिसतो आणि त्याच शब्दाची दुसरी बाटली बहुधा स्वस्त असते. गावातल्या उत्पादकांची तक्रार वर्षानुवर्षे हीच राहिली. दुसरीकडे अब्रुत्सोच्या शेतकऱ्याने दोन शतके ज्या नावाने द्राक्ष ओळखले ते नाव त्याने का सोडावे, यालाही उत्तर नाही. तरीही माझा कल गावाकडे आहे. द्राक्षाला पर्यायी नाव देता येते, गावाला ते देता येत नाही. अखेर दोन्ही बाजूंनी नावे राखली आणि टस्कनीच्या बाटलीवर प्रदेशाचा शब्द वाढवला गेला.

अशीच एक गफलत पर्यटकांच्या बाबतीतही होते. २००९ मध्ये एका लोकप्रिय अमेरिकन चित्रपटाचे चित्रीकरण पियात्सा ग्रांदेत झाले. कथेतले गाव मात्र टस्कनीतलेच, पण दुसरे, वोल्तेर्रा हे आहे. ओर्चाचे खोरे २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यातही हे गाव आहे असे अनेकांना वाटते. ते त्या सीमेत नाही, शेजारी आहे.

गावात जायचे तर ऑगस्टचा शेवटचा रविवार गाठावा. त्या दिवशी आठ मोहल्ल्यांचे गडी सुमारे ८० किलोचे रिकामे लाकडी पिंप चढणीवरून ढकलत नेतात. एका पिंपाला दोघे असतात. वाट एक किलोमीटरहून थोडी जास्त आहे, सिंहाच्या स्तंभापासून वरच्या चौकापर्यंत. फरसबंदीवर पिंप जरा तिरके झाले की ते भिंतीकडे धावते आणि ढकलणाऱ्याला खांदा लावून ते वळवावे लागते. बक्षीस म्हणून रंगवलेले कापड मिळते. शर्यतीची मुळे चौदाव्या शतकातली आहेत, तेव्हा ती घोड्यांची होती. पिंपांची शर्यत १९७४ पासून होते. एरवीच्या दिवशी वाड्यांखालची तळघरे पाहावीत. खडकात खोदलेल्या जिन्याने उतरताना हवा गार होत जाते आणि खाली ओक लाकडाची माणसाहून उंच पिंपे ओळीने उभी असतात. त्यांत वाइन मुरते. नियमाप्रमाणे मुरण्याचा एकूण काळ किमान दोन वर्षे, राखीव वाइन असेल तर तीन.

अलीकडे उत्पादकांनी ‘पियेवे’ नावाचा नवा वर्ग आणला आहे आणि त्याच्या बाटल्या २०२५ मध्ये बाजारात आल्या. ‘पियेवे’ म्हणजे जुन्या काळातला चर्चचा परगणा. अशा परगण्यांच्या नावांवरून मळ्यांचे बारा विभाग पाडले आहेत. या वर्गात किमान ८५ टक्के सांजोवेझे आणि उरलेली द्राक्षे केवळ स्थानिक जातींची हवीत, तीही उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातली. त्यामुळे बाटलीवर वाइनचे नाव, प्रदेशाचे नाव आणि आता परगण्याचेही नाव येते. बारा विभागांपैकी एकाचे नाव सान ब्याजो आहे.