गादी कडक की मऊ? प्रश्नच अर्धा आहे

कंबर धरली की भोवतालचे लोक दोन सल्ले हमखास देतात. वाकून काही उचलू नका आणि कडक गादीवर झोपा. दुसरा सल्ला तर इतका रुळलाय की काही जण गादी बाजूला करून थेट फळीवर पाठ टेकतात. सकाळी अंग आणखी आंबलं तरी दोष फळीला देत नाहीत. "सवय होईपर्यंत दुखणारच," अशी स्वतःचीच समजूत घालतात.

या सल्ल्याची नीट परीक्षा २००३ साली झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना नव्या गाद्या दिल्या. काहींना कडक, काहींना मध्यम. कोणाला कोणती मिळाली हे झोपणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. कडकपणा मोजायची त्यांची युरोपीय मोजपट्टी १ ते १० अशी होती, त्यात १ म्हणजे सर्वांत कडक. कडक गाद्या २.३ च्या होत्या, मध्यम ५.६ च्या. ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं, उठतानाचं दुखणं आणि दुखण्यामुळे अडणारी कामं, तिन्ही बाबतींत त्यांची स्थिती बरी निघाली. 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि 'कडक म्हणजे पाठीला चांगली' या समजुतीला चांगलाच तडा गेला.

मग जाहिरातवाल्यांनी लगेच दुसरं टोक पकडलं: मध्यम गादी सर्वोत्तम! इथे माझं भांडण सुरू होतं. ५.६ हा आकडा यंत्राने दिलेला आहे. तुमच्या खुब्याला यंत्राशी काही देणंघेणं नाही. एकाच गादीवर ४८ किलोची व्यक्ती आणि ९५ किलोची व्यक्ती झोपली, तर पहिली तिला दगड म्हणेल आणि दुसरी चिखल, आणि दोघांचंही खरं असेल.

आधी शरीराकडे बघू. ६० किलोच्या माणसाचं वजन म्हणजे सुमारे ६०० न्यूटन बल. सपाट फरशीवर उताणं पडलं तर फरशीला टेकतं काय? डोक्याचा मागचा भाग, खांद्याची पाती, माकडहाडाचा परिसर, पोटऱ्या, टाचा. समजा, हे सगळं मिळून ०.१ चौरस मीटर भरलं. दाब झाला ६००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत ४५ मिलिमीटर. गादीने अंगाचा आकार घेतला आणि टेकणारं क्षेत्र ०.४ चौरस मीटर झालं, तर तोच दाब उतरतो ११ मिलिमीटरवर. ही झाली सरासरी. हाडाच्या टोकाशी दाब याच्या कितीतरी पट असू शकतो.

आता दुसरा आकडा. यूजीन लँडिस यांनी १९३० च्या सुमारास नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांमध्ये अतिसूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर भरला. बाहेरचा दाब यापेक्षा जास्त झाला की त्या जागेचं रक्त अडायला लागतं, असा ढोबळ हिशोब तेव्हापासून चालत आला आहे. ढोबळ म्हणायचं कारण असं की तो आकडा नखाजवळचा आहे, खुब्याजवळचा नाही आणि माणसागणिक तो बदलतो. रक्त अडलं की त्या भागातल्या चेतातंतूंची कुरकुर सुरू होते आणि आपण झोपेतच कूस बदलतो. हे कूस बदलणं आवश्यकच आहे. पण दर थोड्या वेळाने बदलावी लागत असेल तर झोपेचे तुकडे होतात.

एवढ्यावरून वाटेल की मऊ तितकी बरी. तसंही नाही. धड हे शरीराचं सर्वांत जड खातं, एकूण वजनाचा जवळपास निम्मा भाग तिथे असतो. गादी फार मऊ असली की कंबरेखालचा भाग खोल जातो, छाती आणि पाय वर राहतात आणि कणा झोळीसारखा वाकतो. कुशीवर झोपणाऱ्यांचा तो बाजूला वाकतो. स्नायूंना आणि अस्थिबंधांना मग रात्रभर ताण. फिरायचं झालं तर खड्ड्यातून वर यावं लागतं, ते वेगळंच. (मणक्यांमधल्या चकत्यांची काळजी मात्र इथे फारशी करू नका. १९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून मोजणी केली गेली. उभं असताना ०.५ मेगापास्कल, उताणं पडल्यावर ०.१. आडवं झाल्याने चकत्यांना जी सुटका मिळते ती मिळतेच.)

थोडक्यात, हाडाच्या टोकांशी गादीने मऊ वागायचं आणि धडाच्या भाराशी कडक. एकच वस्तू दोन्ही कसं करणार? मला गाद्यांमध्ये रस वाटायला लागला तो या प्रश्नामुळे, आणि उत्तर फोमच्या पोटात आहे.

पॉलियुरेथेन फोमचा तुकडा भिंगाखाली धरा. बारीक काड्यांच्या चौकटींची जाळी दिसेल. घन पॉलियुरेथेनची घनता घनमीटरला सुमारे १२०० किलो, गादीच्या फोमची ३० च्या आसपास. म्हणजे फोममध्ये ९७ टक्के हवाच. आपलं वजन उचलतात त्या उरलेल्या अडीच-तीन टक्क्यांतल्या काड्या.

फोम दाबायला लागलं की सुरुवातीला काड्या किंचित वाकतात. जितकं बल तितकं दबणं, शाळेतल्या हूकच्या नियमासारखं. पाच-दहा टक्के दबेपर्यंत हे चालतं. मग गंमत होते. प्लॅस्टिकची फुटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबून बघा. आधी ती ताठ प्रतिकार करते, आणखी दाबली की एका क्षणी अचानक कमानीसारखी वाकते, आणि तिथून पुढे वाकवायला जवळजवळ जास्तीचं बलच लागत नाही. लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये या वाकण्याचं गणित मांडलं. फोममधल्या हजारो काड्या एकामागून एक अशाच वाकत जातात. त्यामुळे बल आणि दबणं यांचा आलेख चढ सोडून जवळपास आडवा होतो. या पठारावर फोम खूप दबतो, पण उलटा रेटा फारसा वाढत नाही. खुबा आत शिरतो, त्याच्यावरचा दाब फारसा चढत नाही आणि तोवर बाजूचा मांसल भाग गादीला टेकून आपला वाटा उचलायला लागतो. पुढे निम्म्याहून बराच जास्त फोम दबला की वाकलेल्या काड्या एकमेकींवर टेकतात, हवेची जागा संपते आणि आलेख भिंतीसारखा वर जातो. याला म्हणतात 'तळ लागणं'. आता तुम्ही फोमवर नाही, घट्ट प्लॅस्टिकवर झोपला आहात.

म्हणून दुकानात तळहाताने किंवा बोटाने गादी दाबून काही कळत नाही. बोट आलेखाचा पहिला चढ तपासतं. रात्र काढायची असते पठारावर.

पठाराची उंची कशावर ठरते? काड्यांच्या जाडीवर. काडी वाकवायला लागणारं बल तिच्या जाडीबरोबर फार झपाट्याने वाढतं. परिणामी सच्छिद्र फोमचा ताठपणा घनतेच्या साधारण वर्गाने वाढतो: घनता दुप्पट, तर ताठपणा चौपट. पण हे रसायन तेच असेल तर. कारखान्यात रसायन बदलतं, त्यामुळे एकाच घनतेचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. 'हाय डेन्सिटी म्हणजे कडक' हे समीकरण त्यामुळेच चुकीचं आहे. घनतेवरून कळतो तो मुख्यतः टिकाऊपणा.

कडकपणा मोजायची कारखान्यातली पद्धत सोपी आहे. दहा सेंटिमीटर जाड फोमवर वीस सेंटिमीटर व्यासाची चकती ठेवून फोम २५ टक्के दबेपर्यंत रेटायची, मिनिटभर थांबायचं, बल वाचायचं. मग ६५ टक्के दबेपर्यंत रेटून पुन्हा वाचायचं. पहिला आकडा वरवरचा मऊपणा सांगतो, दुसरा खोलातला आधार. दोन्हींचं गुणोत्तर साध्या फोममध्ये दोनच्या आसपास असतं, चांगल्या लवचीक फोममध्ये अडीचच्या आसपास जातं. माझ्या मते गादीवर छापण्याजोगा हाच आकडा आहे. गादीवर तो क्वचितच असतो, 'ऑर्थोपेडिक' हा शब्द मात्र असतो. त्या शब्दामागे सहसा जास्त कडक फोमपलीकडे काही नसतं.

४८ आणि ९५ किलोचं कोडंही आता सुटतं. हलक्या माणसाचा भार पठारापर्यंत पोचतच नाही, तो चढावरच अडकतो आणि गादी टणक लागते. जड माणूस त्याच फोमचं पठार ओलांडून तळाला जातो. दोघं एका गादीवर झोपणार असतील तर एकसंध ठोकळ्यापेक्षा थरांची गादी बरी, वर मऊ आणि खाली ताठ.

मेमरी फोमचा स्वभाव याहून वेगळा. नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये तो विमानाच्या आसनांसाठी तयार केला. त्यातल्या रेणूसाखळ्या काचेसारख्या ताठ अवस्थेतून रबरासारख्या अवस्थेत जातात त्या साधारण खोलीच्या तापमानाच्या आसपास. त्यामुळे गार खोलीत तो कडक आणि अंगाच्या उबेने हळूहळू मऊ होतो. दोन मिनिटं बसून त्याची परीक्षा होत नाही. ज्यांना रात्री उकडतं त्यांनी जरा सबुरीने घ्यावं, कारण अंग जितकं आत रुततं तितकी हवा खेळायची वाट बंद होते.

जाता जाता चुंबकीय गाद्यांबद्दल. रक्तात लोह आहे, चुंबक लोहाला ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारतं, असा दावा असतो. पॉलिंग आणि कोरियल यांनी १९३६ मध्येच दाखवलं की प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढत नाही, उलट अगदी क्षीणपणे दूर ढकलतो. एमआरआय यंत्राचं चुंबक १.५ ते ३ टेस्लाचं असतं. त्यात अख्खा माणूस जातो आणि त्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. गादीतल्या चकत्यांनी कोणता पराक्रम करायचा?

स्वतःच्या अंगाला काय मानवतं ते शोधताना कसे झोपता हे आधी बघा. कुशीवर झोपणाऱ्यांचा सगळा भार खांदा आणि खुब्याच्या बाहेरच्या हाडावर येतो, त्यांना वरचा थर जाड आणि मऊ हवा. पालथं झोपणाऱ्यांना कडक, नाहीतर कंबर आत जाते. फायब्रोमायल्जियासारख्या दुखण्यात साधा स्पर्शही टोचतो, अशांनी मोजपट्टीतले आकडे बाजूला ठेवून स्वतःला काय सोसतं तेवढंच बघावं. धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची, ॲलर्जी असेल तर गादीला घट्ट विणीचं आवरण घाला आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा. 'दहा वर्षांत माइट्समुळे गादीचं वजन दुप्पट होतं' ही मात्र शुद्ध थाप. आवरण मात्र ताणून बसवू नका. ताणलेलं कापड वजन स्वतःवरच पेलतं, खुब्याला फोमपर्यंत पोचू देत नाही आणि चांगली गादी विनाकारण टणक लागते.

गादी घेताना नेहमीच्या कुशीवर पंधराएक मिनिटं पडून राहा. सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा: मान ते माकडहाड ही रेघ आडवी सरळ दिसते का? खांद्याखाली मुंग्या येतात का? या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली आली तर लेबलवर काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही.

दोन प्रकारच्या लोकांना ही कसोटी लागू नाही. मधुमेहाने किंवा मज्जारज्जूच्या इजेने ज्यांची संवेदना गेली आहे त्यांना दाब कळतच नाही. आरामदायक वाटणारी गादी त्यांच्या टाचेवर किंवा माकडहाडाशी जखम करू शकते. त्यांची गादी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, त्वचा रोज डोळ्यांनी तपासावी, आणि स्वतःहून वळता येत नसेल तर दुसऱ्याने ठरावीक वेळाने वळवावं. दुसरी म्हणजे वर्षाच्या आतली बाळं. त्यांना मऊ गादी, मेमरी फोम, उशी यांतलं काहीच नको. तोंड रुतलं तर त्यांना मान वळवून सुटता येत नाही. त्यांच्यासाठी घट्ट, सपाट पृष्ठभाग, अंगाखाली फक्त ताणून बसवलेली चादर आणि झोपवायचं ते उताणंच.