टॉगल स्विचच्या रंगांची पार्श्वभूमी

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री मिळत असल्याने रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात विहिरीवरची मोटर मोबाइल ॲपवरून चालू-बंद करण्याची सोय अनेक शेतकऱ्यांनी करून घेतली आहे. स्टार्टरच्या पेटीवर चालू करायला हिरवे आणि बंद करायला लाल अशी दोन वेगळी बटणे असतात. ॲपमध्ये मात्र टॉगल, म्हणजे पडद्यावरचा बोटाने सरकवायचा स्विच, एकच असतो आणि त्याची स्थिती प्रामुख्याने रंगावरूनच ओळखावी लागते.

2007 च्या पहिल्या आयफोनवरील टॉगल निळा होता आणि त्यावर ऑन-ऑफ ही अक्षरेही होती. चालू स्थितीचा रंग बदलण्याची अधिकृत सोय ॲपलने 2011 मध्ये, आयओएस 5 या आयफोनच्या प्रणालीसोबत दिली; सरकणाऱ्या गोल खुंटीचा रंग बदलणे पुढच्या वर्षी आयओएस 6 मध्ये शक्य झाले. 2013 च्या आयओएस 7 ने टॉगल हिरवा केला आणि अक्षरे काढून टाकली. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे, कारण तोवर अक्षरांच्या सोबतीला असलेल्या रंगावर आता जवळजवळ सगळा भार आला. ज्यांना रंगांतील फरक कळत नाही त्यांच्यासाठी उभी रेघ व वर्तुळ ही चिन्हे सेटिंगमध्ये आहेत, पण ती मुद्दाम चालू करावी लागतात.

अँड्रॉइडमध्ये 2011 च्या 4.0 आवृत्तीत हा स्विच आला, तेव्हा रंग बदलायचा तर खुंटी आणि ती जिच्यावर सरकते ती पट्टी यांची चित्रेच नव्याने घालावी लागत. 2014 च्या मटेरियल डिझाइन या गूगलच्या रचना-शैलीपासून टॉगल थीमचा, म्हणजे ॲपच्या ठरलेल्या रंगसंगतीचा, उठावाचा (ॲक्सेंट) रंग आपोआप घेऊ लागला आणि 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये तर वॉलपेपरवरून रंग ठरू लागले.

2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यता निकषांनुसार, म्हणजे अपंगांनाही वापर करता यावा यासाठीच्या निकषांनुसार, टॉगलसारख्या घटकाचा शेजारच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील तफावत, किमान 3:1 हवा. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात मोबाइल धरला, की पांढऱ्यावरची फिकट राखाडी पट्टी दिसेनाशी होते आणि हा आकडा किती मोलाचा आहे ते कळते.

मोटरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बोट लावताच टॉगल हिरवा होतो. प्रत्यक्षात संदेश स्टार्टरपर्यंत पोचून मोटर सुरू झाल्याचे उत्तर परत यायला वेळ लागतो आणि वीज नसेल तर ती सुरूच होत नाही. या मधल्या स्थितीसाठी तयार टॉगलमध्ये रंगच नाही. तो, आणि शेजारी ‘वाट पाहत आहे’ ही अक्षरे, ॲप बनवणाऱ्यालाच द्यावी लागतात.