सलगम टाउनशेंडने आणला नाही

इंग्लंडच्या शेतीक्रांतीची गोष्ट वर्षानुवर्षे अशी सांगितली जाते: चार्ल्स टाउनशेंड (1674–1738) हा पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफकचा जमीनदार राजकारणी. तो हॉलंडमध्ये राजदूत म्हणून राहिला, तिथून त्याने सलगम आणला आणि देशाची शेती पालटली. म्हणून तो ‘टर्निप (म्हणजे सलगम) टाउनशेंड’.

हे खरे नाही. टाउनशेंड लहान होता तेव्हाच नॉरफक-सफकचे शेतकरी जनावरांच्या चाऱ्यासाठी शेतात सलगम पेरत होते. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर (चाऱ्याचे एक द्विदल पीक) ही चार वर्षांची फेरपालटही एका माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्याकडे जसा द्विदल पिकाचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला मानतात, तसेच तिथे क्लोव्हरचे. त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात. सलगमाने हिवाळ्यात गुरे जगतात, गुरांनी शेणखत मिळते. जमीन पडीक ठेवण्याची गरज उरत नाही. हे ज्ञान कितीतरी अनाम कुळांनी अनुभवातून जमवले होते, आणि श्रेय मात्र एका उमरावाला गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

टाउनशेंडचे काम नाकारायचे कारण नाही. तो परराष्ट्र व्यवहार सांभाळणारा वजनदार मंत्री होता. मेहुणा आणि तेव्हाचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्याशी बिनसल्यावर 1730 मध्ये पद सोडून तो नॉरफकमधल्या आपल्या रेनमच्या जमिनीवर परतला आणि शेतीत रमला. त्याच्या नावामुळे सलगमाला प्रतिष्ठा आली, एवढे नक्की.