दिवाणी न्यायालयांचे आर्थिक अधिकारक्षेत्र

एखाद्या दिवाणी न्यायालयाला किती रकमेपर्यंतचा दावा चालवता येतो, त्या मर्यादेला त्याचे आर्थिक अधिकारक्षेत्र म्हणतात. ही मर्यादा आणि तिच्यासोबतचे अधिकार वाढवून किरकोळ वाद खालच्या न्यायालयात मिटवणे, हा न्याय स्वस्त करण्याचा जुना मार्ग आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५ प्रमाणे दावा तो चालवू शकणाऱ्या सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयातच लावावा लागतो. त्यामुळे मर्यादेचा आकडा बदलला की पक्षकाराचे न्यायालय बदलते.

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका प्रयोग दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झाला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते जाळली. न्यायालयात शेतकऱ्यांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे (दाव्यातले निर्णायक आदेश) होत, कारण कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तालुक्याला जाणे आणि वकील देणे त्यांना झेपत नसे. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने अगदी छोट्या दाव्यांसाठी गावमुन्सफ, म्हणजे गावपातळीवरचे न्यायाधीश, नेमण्याची आणि तडजोडीसाठी मध्यस्थ नेमण्याची सोय केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कर्जरोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहाराचा हिशेब उकलण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. खालच्या न्यायालयाला खरे बळ येते ते अशा अधिकाराने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

मुंबईत १९४८ च्या कायद्याने शहर दिवाणी न्यायालय स्थापन झाले. सुरुवातीची १०,००० रुपयांची मर्यादा अधिसूचनेने २५,००० झाली, तेव्हा तिला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ वैध ठरवली. पुढे ५०,०००, २०१२ मध्ये १ कोटी आणि २०२४ मध्ये १० कोटी रुपये अशी ती चढत गेली. १० कोटींचा दावा किरकोळ नव्हेच; या वाढीचा मुख्य लाभ उच्च न्यायालयावरचा भार हलका होण्यात आहे. पण आकडा वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर महागाई त्याला आपोआप लहान करते आणि साधे वादही वरच्या न्यायालयात ढकलले जातात, हेही तितकेच खरे.

न्यायालय जवळ आले तरी खर्च उरतोच. उसन्या पैशांचा साधा दावा घ्या. वादपत्र, वकीलपत्र, कोर्ट फी झाली. पत्त्यावर माणूस भेटला नाही म्हणून बेलीफ समन्स परत आणतो आणि पुढची तारीख पडते. हुकूमनामा हाती आला तरी वसुलीसाठी वेगळी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते. रोजंदारीवरच्या माणसाची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, आणि बहुतेकदा हाच सगळ्यांत मोठा खर्च ठरतो. म्हणून अपिलांवरही बंधने आली: २५,००० रुपयांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मुळे दुसरे अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावरचे अपील, चालत नाही.

ग्रामीण भागासाठी वेगळ्या न्यायालयांची तरतूद करणारा ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ न्याय स्वस्त करण्याच्या दिशेने सर्वांत पुढे गेला. तो २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. दावा कितीही रकमेचा असो, फी १०० रुपयांपेक्षा जास्त नाही. न्यायाधिकारी, म्हणजे या न्यायालयाचा न्यायाधीश, गावात जाऊन सुनावणी घेऊ शकतो. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम त्याला बांधत नाहीत. अपील एकच, तेही जिल्हा न्यायालयाने सहा महिन्यांत निकाली काढायचे. मात्र अशी न्यायालये स्थापन करणे कायद्याने राज्य सरकारांवर बंधनकारक केलेले नाही.